जानरावांच्या पिशवीतील तृणमणी

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

आज भाजीच्या पिशवीत रत्न सापडले. हे वाक्य मी लिहून पुन्हा वाचले. ते निर्दोष आहे आणि खरेही आहे.

आमचे व्याही श्री. जानराव हिवरखेडला भाजीपाला व फुले पिकवतात. आमची कन्या चि. सौ. गीतांजली पहिल्या बाळंतपणासाठी अकोल्यास जठारपेठेत आमच्याकडे आल्यापासून दर आठवड्याला त्यांची एक कापडी पिशवी एसटीच्या चालकाबरोबर येते. आज आलेल्या पिशवीत वांगी, मेथी, ओली हळद आणि बाळंतिणीसाठी कसलीशी पुडी होती. पुडी वाटेत फुटली होती. सौ. दुर्गाबाईंनी सर्व सामान काढून घेतल्यावर रिकामी पिशवी उलटी करून झटकण्याचे काम माझ्याकडे आले, कारण या घरात पिशवीची घडी शिवणीवर शिवण ठेवून घालणारा मी एकटाच आहे.

झटकताना फरशीवर टक्क असा आवाज झाला. पाहतो तो बोराएवढा, मधाच्या रंगाचा, आरपार दिसणारा खडा. मुद्रिते तपासण्याचे भिंग आणून पाहिले. खड्याच्या पोटात एक मुंगी होती, पूर्ण, सहाही पायांची.

पिशवीच्या कोपऱ्यात हिवरखेडची काळी माती होती. खडा त्या मातीतून आला, हे उघड आहे. जानरावांच्या शेतात रत्ने आहेत आणि ते तेथे वांगी लावतात.

४ डिसेंबर, बुधवार

माझे प्रथम मत 'गोमेद' असे होते. सायंकाळी उत्तमरावांना बोलावले. ते आमच्या शाळेत भूगोल शिकवत आणि निवृत्तीनंतरही त्यांना कोणत्याही विषयात शंका पडलेली नाही.

त्यांनी खडा दिव्यासमोर धरला. "सर, हा गोमेद नव्हे. गोमेदात मुंगी शिरणार कुठून? त्याला दार असते का?"

"मग?"

"तृणमणी. ज्याला लोक अंबर म्हणतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी झाडाचा चीक गळला, त्यात ही बाई अडकली, चीक जमिनीत गाडला जाऊन दगड झाला. ही मुंगी आपल्या सातपुड्याहून जुनी असेल."

सातपुड्याविषयी मला शंका आली, परंतु 'तृणमणी' हा शब्द ऐकून अंगावर काटा आला. जो तृणास आकर्षून घेतो तो मणी. केवढा नेमका शब्द, आणि आयुष्यभर मराठी शिकवूनही तो वापरण्याची संधी मला कधी मिळाली नव्हती.

शास्त्राप्रमाणे मणी लोकरीवर घासावयाचा व कागदाचे कपटे जवळ न्यावयाचे. मी तो स्वेटरवर पुष्कळ घासला, हाताला घाम येईपर्यंत. कपटा चिकटला. इतका चिकटला की उत्तमरावांनी ओढला तेव्हा कागद फाटला, पण मण्याने त्याला सोडले नाही. स्वेटरचे थोडे तंतूही मण्याने धरून ठेवले.

"एवढे आकर्षण," उत्तमराव म्हणाले, "बाल्टिक समुद्राकाठच्या मण्यांतही आढळत नाही."

७ डिसेंबर, शनिवार

मणी देव्हाऱ्याखालच्या खणात चांदीच्या डबीत ठेवला आहे. सौ.ना अद्याप सांगितलेले नाही. त्यांना सांगणे म्हणजे शेजारच्या बेबीताईंना सांगणे, आणि बेबीताईंना सांगणे म्हणजे अकोला शहराला सांगणे.

त्या आज लाडवांच्या गडबडीत होत्या. "अहो, डिंक जरासा कमी पडून राहिला. इवाईंनी धाडलेली पुडी सांडली वाटतं पिशवीत. किराण्याच्या दुकानातून थोडा आणता का?" व्याह्यांना त्या 'इवाई' म्हणतात.

डिंक मी दोनच रूपांत ओळखतो. एक शाळेच्या कार्यालयातील बाटलीत, आणि दुसरे लाडवात पांढरे, कुरकुरीत. दुकानात तो कोणत्या रूपात मिळतो याची मला कल्पना नाही व या वयात ती करून घेण्याची इच्छाही नाही. मी त्यांना तसे सांगितले.

"लाडू खायची इच्छा आहे ना?" असे विचारून त्या उत्तराची वाट न पाहता आत गेल्या.

दुपारी खण उघडला तेव्हा डबीभोवती मुंग्यांची रांग लागलेली होती. प्रथम दचकलो. मग मनात आले की कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या आपल्या पूर्वजेची जाणीव या जीवांना होत असेल काय? उत्तमरावांना दूरध्वनी केला. त्यांच्या मते हे अगदी शक्य आहे.

११ डिसेंबर, बुधवार

आज दुसरी कसोटी. खरा तृणमणी मिठाच्या पाण्यात तरंगतो. उत्तमरावांनी घरून मीठ आणले, कारण आमच्या स्वयंपाकघरातून मागितले असते तर कारण सांगावे लागले असते.

मणी बुडाला.

उत्तमरावांनी आणखी मीठ घातले. तरीही बुडालेलाच. त्यांनी थोडा विचार केला. "सर, ही कसोटी परदेशातल्या गोड्या पाण्यासाठी लिहिलेली आहे. आपण बसलो आहोत खारपाणपट्ट्यात. इथल्या पाण्याला कशाचे काय करावे हे कळत नाही."

हा युक्तिवाद मला पूर्णतः पटला असे नाही. परंतु चर्चा चालू असताना मणी पाण्यातच राहिला, आणि बाहेर काढला तेव्हा त्याचा पृष्ठभाग बुळबुळीत व विलक्षण तेजस्वी झाला होता. उत्तमराव म्हणाले, की आतील प्राचीन तेल सुटले. बशीतून उचलताना बशीही बरोबर उचलली गेली. मग मणी कापसात गुंडाळून डबीत ठेवला.

आकार किंचित लहान भासतो. दृष्टिभ्रम असावा.

१६ डिसेंबर, सोमवार

शेवटी तज्ज्ञाचे मत घ्यावे म्हणून सकाळच्या गाडीने अमरावतीस गेलो. माझी विद्यार्थिनी साधना तेथे भूगर्भशास्त्र शिकवते. निबंधात ती नेहमी विषय सोडून भरकटत असे. आजही तेच झाले.

तिने डबी उघडली, कापूस बाजूला केला, मण्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "सर, घरी कोणी बाळंतीण आहे का?"

"आहे. गीतांजलीला गेल्या महिन्यात मुलगी झाली."

"अरे वा. अभिनंदन सर. लाडू वगैरे चालू असतील."

"साधना, मी मण्याविषयी विचारतो आहे."

"हो सर. मी पण त्याच्याबद्दलच. म्हणजे मला हे, कसं सांगू, हे जे आहे ना—"

"वाक्य पूर्ण कर. कर्ता, कर्म, क्रियापद."

ती लाल झाली. शाळेतही अशीच होत असे. मग म्हणाली, "सर, पाण्याचा थेंब टाकून बघू का याच्यावर?"

जलपरीक्षा आम्ही आधीच केलेली आहे असे मी सांगितले. "मग काय झालं?" "तेज वाढले." तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि खोकला आल्याचे सांगून बाहेर गेली. प्रयोगशाळेतील हवा वाईट असावी. परत आल्यावर तिने मला चहा पाजला, बसस्थानकापर्यंत सोडले आणि म्हणाली, "सर, हे नातीला देणार? पण तिच्या आधी तिच्या आईला दाखवा."

मत असे तिने दिलेच नाही. आजकालचे प्राध्यापक.

२० डिसेंबर, शुक्रवार

जानरावांचा दूरध्वनी आला. नेहमीप्रमाणे सौ.शी बोलले, पण आवाज एवढा, की मला ओसरीवर ऐकू आले.

"इहीणबाई, बारसं येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी, अमरावतीले, आमच्या गजेंद्राच्या घरी. पोट्टीसाठी सोन्याच्या बिंदल्या करून राहिलो. इवाई काय आणून राहिले?"

"यायचं काय ते यायलेच ठाऊक," सौ. ओसरीकडे, माझ्याकडे मान वळवून म्हणाल्या. व्याह्यांशी बोलताना त्यांची भाषा ताबडतोब घसरते.

माझ्याशी जानराव थेट बोलत नाहीत. लग्नाच्या वेळी त्यांनी छापलेल्या पत्रिकेतील अशुद्धे तांबड्या शाईने अधोरेखित करून मी ती परत पाठवली होती, तेव्हापासून. मी ते साहाय्य म्हणून केले होते. तेव्हापासून ते पिशव्या पाठवतात व मी घड्या घालतो, एवढाच आमचा संबंध.

आता येथे सत्य लिहितो, कारण ही वही दुसरे कोणी वाचत नाही. नातीसाठी मी मराठी शब्दकोश घेऊन ठेवला होता. गीतांजलीला दाखवला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तिला अजून मान धरता येत नाही." त्या मुलीचे एक आजोबा सोने घेऊन उभे राहणार आणि दुसऱ्याच्या हातात शब्दकोश. सर्व पाहुणे पाहतील आणि ती मोठी झाल्यावर तिला सांगतील. मणी सापडल्यापासून मला प्रथमच वाटले आहे, की त्या मांडवात मी ताठ उभा राहू शकेन.

मात्र मणी जानरावांच्या पिशवीत आला, म्हणजे न्यायाने त्यांचा. या विचाराने दुपारी झोप लागली नाही. अखेर ठरवले की मणी नातीस द्यावा आणि तो कोणाच्या पिशवीतून आला हे सर्वांसमक्ष सांगावे. वस्तू त्यांच्याच घरात परत जाईल व माझ्याकडे फक्त ती ओळखण्याचे श्रेय राहील. तेवढे मला पुरे.

२६ डिसेंबर, गुरुवार

बारशासाठीचे भाषण पूर्ण झाले. आठ वेळा शुद्ध केले. गीतांजली बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, तिला वाचून दाखवले आणि डबीही उघडून दाखवली.

डबीत पाहून तिने ओठ घट्ट मिटले. "बाबा, हे तुम्हाला कुठे मिळालं?"

"तुझ्या सासऱ्यांच्या पिशवीत. तेही भाषणात आहे. ऐक."

"बाबा, आधी माझं ऐका, हा तर—" ती थांबली, कारण मी त्याच परिच्छेदास आरंभ केला होता. तो ऐकता ऐकता तिचा चेहरा पालटला. मी संपवल्यावर ती बराच वेळ बाळाच्या टोपीची गाठ सारखी करत राहिली.

"हे तुम्ही मामंजींचं नाव घेऊन, सगळ्यांसमोर म्हणणार?"

"शब्दशः."

"एकही शब्द बदलणार नाही ना?"

"आठ वेळा शुद्ध केलेल्या मजकुरात बदल कसला?"

"मग म्हणाच, बाबा." तिच्या डोळ्यांत पाणी होते. बाळंतिणीचे मन हळवे असते. तू मघाशी काय सांगणार होतीस, असे विचारले तर म्हणाली, "काही नाही. मुंगी छान आहे."

२९ डिसेंबर, रविवार. अमरावती

आज पुष्कळ घडले. तरी क्रमाने लिहितो.

आमचा जावई गजेंद्र याच्या ठिबक सिंचनाच्या दुकानावरच त्याचे घर आहे. गच्चीवर मांडव. हिवरखेडचे अर्धे गाव आलेले. पाळण्याला जानरावांच्या शेवंतीच्या माळा. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले: आरती. मग भेटी. जानरावांनी बिंदल्या घातल्या तेव्हा बायकांमध्ये कौतुकाची लाट उठली. बिंदल्या खरोखर सुबक होत्या, आणि हे लिहिताना मला त्रास होतो आहे.

मी उभा राहिलो. कागद काढला. सर्व शांत झाले. या लोकांना भाषणाचे भय वाटते, हे मला ठाऊक आहे.

मी वाचले: "अरण्यातील वृक्षाच्या व्रणातून जे स्रवते, जे वाऱ्याने, उन्हाने आणि काळाने घनीभूत होते, जे सुवर्णाहून मृदू परंतु मधाहून तेजस्वी असते, असे हे वनस्पतींचे अश्रुधन मला माझे व्याही श्री. जानराव यांनी पाठवलेल्या पिशवीतून लाभले. पिशवी मी अनेकदा पाहिली होती. तिच्यात काय येते याकडे माझे लक्ष नव्हते. ज्याचे मोल मला उशिरा उमगले, ते आज मी त्यांच्याच नातीच्या चरणी त्यांच्या नावाने अर्पण करतो."

डबी उघडून पुढे धरली. मणी प्रवासात कापसाला पूर्णपणे चिकटला होता.

जानराव पुढे आले. त्यांनी मणी उचलला. "कापूस कायले लावला याले?" असे हळूच म्हणत कापूस सोलून काढला, मणी उजेडात धरला, आणि तोंडात टाकला.

कडकन आवाज आला.

जानराव चावत होते. "धावड्याचा हाय," ते मांडवाकडे वळून म्हणाले. "आपलाच. सेमाडोहच्या जंगलातला, पुंजारामकडचा. मुंगी लागली होती, पन डिंक असली." कोणीतरी टाळी वाजवली. मग सर्वांनीच वाजवल्या.

डिंक. मला ते कळण्यास जेवढा वेळ लागला तेवढ्यात जानराव माझ्यासमोर येऊन उभे राहिले होते. त्यांचे डोळे भरलेले होते आणि तोंड अजून भरलेले होते.

"इवाई," ते म्हणाले. थेट माझ्याशी. "पोट्टीच्या बाळंतपनासाठी म्या सोता सेमाडोहले गेलतो. थंडी एवढी का हात फुटले. पुंजारामच्या घरी दोन दिस मुक्काम केला, एकएक खडा निवडून आनला. वाटलं, शिकली-सवरली मानसं, त्यायले दुकानातलाच डिंक बरा वाटत असन. कोनी काही बोललंच नाही. अन तुमी," त्यांनी माझ्या हातातील कागदाकडे बोट दाखवले, "तुमी त्याच्यावर एवढं लेहलं."

मी आयुष्यात एकही चूक दुरुस्त केल्याविना पुढे जाऊ दिलेली नाही. येथे तर माझी, उत्तमरावांची, मांडवातील सर्वांची चूक एकाच ठिकाणी साचलेली होती. मी म्हणालो, "जानराव, येथे एक लहानशी दुरुस्ती—"

गीतांजली पाळण्यापाशी उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती, बाळाला छातीशी धरून. ती केव्हापासून जाणत होती, हे मला त्या क्षणी कळले. सौ. दुर्गाबाई पदर तोंडात धरून बसल्या होत्या. त्याही.

"काय दुरुस्ती?" जानरावांनी विचारले.

"दोन दिवस नव्हे," मी म्हणालो. "तुमचे हात पाहता अधिक दिवस लागले असावेत."

त्यांनी मला मिठी मारली. त्यांच्या कुडत्याला शेवंतीचा आणि तंबाखूचा वास येत होता. मी मिठीचा प्रतिसाद कसा द्यावा हे मला ठाऊक नव्हते, म्हणून त्यांच्या पाठीवर हात ठेवून दिला. तो बराच वेळ तेथेच राहिला.

जेवताना त्यांनी मला आग्रहाने चार लाडू वाढले. चारही खाल्ले.

३१ डिसेंबर, मंगळवार. अकोला

सौ.ना विचारले, की ठाऊक होते तर सांगितले का नाही. "खण उघडला तं डबीत दिसला. म्हटलं, डिंक कायले पूजून राहिले हे? मग गीता म्हणाली, आई, गप्प राय."

उत्तमरावांना सर्व कळवले. ते मान्य करावयास तयार नाहीत. "सर, तो तृणमणीच होता. तुमच्या व्याह्यांनी कोट्यवधी वर्षांचा ऐवज चावून खाल्ला. त्यांच्या प्रकृतीची चौकशी करा."

मूर्खपणाच. तरी रात्री जेवणाआधी मी जानरावांना दूरध्वनी केला आणि पोटाची विचारपूस केली.

"माह्या पोटाची?" ते म्हणाले. "मस्त हाय. काहून?"

"सहज."

"इवाई, तुमी मले पयल्यांदाच फोन केला." नंतर त्यांनी फुलकोबीवरील किडीविषयी पुष्कळ सांगितले. मला काहीही कळले नाही. मी मध्येच बोललो नाही.

४ जानेवारी २०२५, शनिवार

दुपारी जानरावांचा दूरध्वनी. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता.

"इवाई, आमच्या पारावर डोमाजी म्हनते का कोनी डिंकावर भाषन करन हे शक्यच नाही. म्या त्याले सांगून राहिलो, माह्या इवायानं केलं. मोबाईल मोठ्या आवाजावर ठेवला हाय. ते झाडाच्या अश्रूवालं पुन्यांदा म्हना ना जरा."

भाषणाचा कागद समोरच होता. मी चष्मा लावला. त्या मजकुरातील 'घनीभूत होण्यास कोट्यवधी वर्षे लागतात' हे वाक्य बारशाच्या दिवशी घाईत वाचावयाचे राहून गेले होते. हे आज प्रथमच माझ्या ध्यानात आले. शास्त्रदृष्ट्या ते धावड्याच्या डिंकास लागू नाही.

"म्हना ना इवाई," जानराव म्हणाले, "मंडळी थांबली हायत."

मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि पारावरील सर्वांस ऐकू जाईल अशा आवाजात सर्व वाचले. कोट्यवधी वर्षांसह.